एकोडी दोन आहेत : पात्र, कथानक आणि कथेचं जग यांचे काही सराव

(एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा इथे झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

 

विषय तुम्हाला कळवलेलाच आहे. गोष्ट लिहायची तर पात्र कसं उभं करायचं, कथानक कसं बांधायचं, ते ज्यात घडतं ते जग कसं रचायचं, आणि यासाठी घरी वही घेऊन करता येतील असे सराव कोणते. आम्ही व्याख्येपासून सुरुवात करणार होतो. पण इथे येताना साकोलीच्या बसस्टँडवर आम्ही एकोडीला जायचंय म्हटलं, तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, "कोणत्या एकोडीला? गोंदियाकडे पण एक आहे." आणि आमची व्याख्या तिथेच राहिली.

बघा, दोन एकोडी. एक हे, साकोली तालुक्यातलं. दुसरं गोंदिया तालुक्यातलं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत दोन्ही गावं एकाच भंडारा जिल्ह्यात होती. आता पहिला सराव इथूनच करू. समजा साल १९६५ आहे. मुंबईच्या गिरणीत काम करणारा एक माणूस गावी पत्र पाठवतो. पत्त्यावर भावाचं नाव, खाली 'मु. पो. एकोडी, जि. भंडारा'. तालुका लिहायचा राहिला. पत्र दुसऱ्या एकोडीत जातं, आणि तिथे त्याच नावाचा एक माणूस आहे. त्याला वाचता येत नाही. गुरुजी वाचून दाखवतात. पत्रात लिहिलंय : "पोरीचं जमलेलं मोडून टाक, कारण मी आल्यावर सांगीन." आणि या माणसाच्याही पोरीचं नुकतंच जमलेलं आहे.

आता आमचे प्रश्न. तालुका लिहायचा का राहिला? पत्ता लिहिणारा घाईत होता, की लिहून देणारा दुसराच कुणी होता, ज्याला हा भाग माहीत नाही? हे झालं पात्र. मुंबईचा भाऊ आपल्याला काहीतरी सांगतोय यावर ज्याचा भाऊच मुंबईत नाही तो माणूस विश्वास का ठेवेल? की नाही ठेवणार, पण पोरीचं लग्न त्याच्याही मनात नव्हतंच, आणि त्याला निमित्त मिळालं? हे कथानक. आणि हे सगळं १९६५ मध्येच का घडू शकतं? कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याच्या नंतर पत्र चुकणं अवघड झालं, आणि आज तर तो भाऊ फोनच करील. गोष्ट मेली. हे झालं कथेचं जग.

आमचं म्हणणं एवढंच आहे की ही तीन वेगवेगळी कपाटं नाहीत. लेखनाच्या शिबिरांत सोयीसाठी पहिला दिवस पात्राचा, दुसरा कथानकाचा, तिसरा वातावरणाचा असं करतात. आम्हीही बरीच वर्षं तसंच केलं. त्यातून वह्या भरल्या, गोष्टी फारशा निघाल्या नाहीत.

सगळ्यात जास्त वाया गेलेला सराव म्हणजे पात्राचा बायोडाटा. नाव, वय, उंची, रंग, शिक्षण, आवडता पदार्थ, लहानपणची आठवण, कशाची भीती वाटते. असे पन्नास-शंभर प्रश्नांचे तक्ते तुम्हीही पाहिले असतील. मुलं ते आनंदानं भरतात. एका मुलीनं आपल्या नायकाचा आवडता रंग निळा असं लिहिलं होतं. आम्ही विचारलं, मग? त्या निळ्याचं पुढे काय होतं? ती हसली, म्हणाली, काही नाही. त्या तक्त्यांत खोटं काही नसतं. फक्त त्यातल्या कोणत्याच माहितीला दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही, आणि माणूस कळतो तो दुसऱ्याशी पडलेल्या गाठीतून.

म्हणून आम्ही तो तक्ता टाकला आणि त्याच्या जागी एक सराव आणला. त्याला आम्ही उसनवारीचा सराव म्हणतो. आज सगळ्यात जास्त वेळ त्यालाच देणार आहोत.

सराव असा. तुमच्या पात्राला उद्या सकाळपर्यंत एक गोष्ट हवी आहे, आणि ती त्याच्याकडे नाही. पैसे असोत, बैलजोडी असो, सायकल असो, पायलीभर धान असो. ती मागायला ते पात्र पहिल्यांदा कुणाच्या दारात जाईल? तिथे नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा कुठे? आणि तिसरा प्रश्न, खरा महत्त्वाचा : कोणत्या दारात ते काही झालं तरी जाणार नाही, आणि का?

चला, करून पाहू. बाईचं नाव गिरजा ठेवू. ही कल्पनेतली बाई आहे, इथली कुणी नाही, आधीच सांगून ठेवतो. साल १९८० च्या आसपासचं. जागा हीच, झाडीपट्टी. जुलै संपत आलाय. बांधीत पऱ्हे तयार आहेत. पऱ्ह्यांचं कसं असतं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. साधारण तीन-चार आठवड्यांत रोवणी झाली पाहिजे, त्यानंतर पऱ्हे वयात जातात आणि धान कमी येतं. गिरजाचा नवरा नागपूरला कामाला गेला तो परत आलेला नाही. पाणी पडलंय. गावातल्या रोवणीच्या बाया उद्या मोकळ्या आहेत, परवा दुसऱ्याच्या बांधीत जाणार. त्यांना मजुरी द्यायला गिरजाकडे पैसे नाहीत.

कुठे जाईल ती?

एकदा हा सराव सांगितल्यावर एका मुलानं लगेच लिहिलं, "ती सावकाराकडे गेली. सावकार दुष्टपणे हसला." आम्ही म्हटलं, थांब. हे तू सिनेमात पाहिलंस. गिरजाच्या गावात कोण कोण आहे ते आधी मांड. मग त्यानं मांडलं. किराणा दुकानदार, ज्याच्याकडे आधीच उधारी आहे. शेजारची मैत्रीण, तिच्याकडे पैसे नाहीत पण कानातलं आहे. माहेर, पण ते दहा कोसांवर आणि मध्ये नदीला पूर. आणि भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्याकडे पैसे आहेत. पण वाटण्या झाल्यापासून धुऱ्यावरून भांडण आहे, बोलणं बंद आहे.

आता दारं दिसायला लागली. मैत्रिणीकडे ती पहिल्यांदा जाईल. मैत्रीण कानातलं काढून द्यायला तयार होईल, आणि गिरजा ते घेणार नाही; का घेणार नाही याचा शोध घ्या, तिथे तिचा स्वभाव आहे. दुकानदाराकडे ती जाईल तेव्हा पैसे मागणार नाही, आधी मीठ मागेल आणि त्याचा चेहरा बघेल. आणि भासऱ्याच्या दारात ती कधीच जाणार नाही. आमच्या वहीत आम्ही तिथे रेघ मारली : या दारात नाही.

गोष्ट कुठे आहे? त्याच रेघेवर. लिहिणाऱ्याचं काम एवढंच उरतं की बाकीची दारं एकेक करून बंद करायची, आणि गिरजाला त्या दाराकडे चालायला लावायचं.

याच्या जोडीला आणखी एक लहान सराव करा : याच माणसाकडे कुणी काही मागायला आलं तर? गिरजाकडे कुणी ताक मागायला आलं तर ती देते, की देते आणि बोलून दाखवते, की न देता तासभर गोड बोलते? दोन्ही बाजूंनी पाहिलं की पात्र आपोआप जाड होतं. नाक सरळ की बसकं, हे नंतर ठरवलं तरी चालतं.

आता जगाकडे येऊ. कारण गिरजाला फक्त पैसे लागणार नाहीत. पाणी लागेल.

भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी इथे तलाव बांधले, पुढे मालगुजारी आली, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, आणि तलाव 'माजी मालगुजारी' झाले. सरकारी कागदावर आजही 'मामा तलाव' लिहितात. बाहेरचा माणूस ऐकून हसतो, कुणाचे मामा म्हणून विचारतो. हे सगळं गोष्टीत घालायचं का? नाही. पण ते माहीत असल्याशिवाय गोष्ट लिहायचीही नाही.

कथेचं जग म्हटलं की लोक नकाशा काढतात. मंदिर इथे, शाळा तिथे, वडाचं झाड मध्ये. काढा, हरकत नाही. पण आम्ही वेगळा नकाशा काढायला सांगतो : पाणी कोणत्या वाटेनं जातं. तलावाची पाळ, पाळीतून पाणी सोडायचं तुडुम, मग पहिली बांधी, दुसरी, तिसरी, शेवटची. कुणाची बांधी वर आहे, कुणाची खाली? पाणी सोडायचं कोण ठरवतं? रात्री धुरा कोण फोडतं? आता गिरजाची बांधी कुठे ठेवाल? आम्ही ती भासऱ्याच्या बांधीच्या खाली ठेवली. त्याच्या बांधीतून आल्याशिवाय तिला पाणी नाही. बघा, एक रेघ इकडून तिकडे ओढली आणि बोलणं बंद असलेली दोन घरं एकमेकांना बांधली गेली. पैसे कुठून तरी मिळतीलही, पण पाण्याला दुसरं दार नाही.

परीकथा लिहिणाऱ्यांना, अंतराळातल्या गोष्टी लिहिणाऱ्यांनाही आम्ही हेच विचारतो. तुमच्या ग्रहावर दोन चंद्र आहेत, छान. पण तिथे कमी काय आहे? ते कुणाच्या हातात आहे? खालच्या माणसापर्यंत यायला ते कुणाच्या अंगणातून येतं? याचं उत्तर असेल तर दोन चंद्र नसले तरी चालतील.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. बऱ्याच जणांनी वाचली असेल, काहींनी अमोल पालेकरांचा सिनेमा पाहिला असेल. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. माणसं भेटतात, शाळा भरते, तालीम बांधली जाते. आणि शेवटी दुष्काळ पडतो, वाडी उठते. पहिल्यांदा वाचताना वाटतं की शेवट बाहेरून आला. पुन्हा वाचा. वाडी मेंढरांवर जगते, मेंढरं गवतावर, गवत पावसावर. हे जग पहिल्या पानांपासूनच तसं आहे. पाऊस गेला की मेंढरं जाणार, त्यांच्यामागे माणसं, त्यांच्यामागे मास्तर. शेवट त्या जगाच्या नियमातच होता. आर. के. नारायण यांनी १९३५ च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' पासून मालगुडी नावाचं गाव रचलं, जे नकाशावर नाही. तरी वाचणाऱ्याला तिथली शाळा आणि नदी ओळखीची वाटते. माडगूळकरांनी पाहिलेलं गाव घेतलं, नारायण यांनी न पाहिलेलं केलं. नियम दोघांनीही मोडले नाहीत.

आता कथानक. यावर कमी बोलू, कारण अर्धं झालंच आहे.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये कादंबरीवर व्याख्यानं दिली होती. नुसता घटनाक्रम आणि कथानक यांतला फरक त्यांनी कारणावरून सांगितला : एकानंतर दुसरं घडलं हा क्रम, एकामुळे दुसरं घडलं हे कथानक. आपल्या भाषेत त्याची तपासणी फार सोपी आहे. तुमच्या गोष्टीतल्या घटना एकेका ओळीत लिहा आणि दोन ओळींमध्ये कोणता शब्द बसतो ते बघा. 'आणि मग' बसतो की 'म्हणून' किंवा 'पण'?

गिरजा मैत्रिणीकडे गेली. आणि मग ती दुकानात गेली. आणि मग पाऊस आला. हे तसंच पुढे वर्षभर चालेल. आता दुसऱ्या तऱ्हेनं. मैत्रिणीनं कानातलं पुढे केलं, पण ते तिच्या मेलेल्या आईचं होतं, म्हणून गिरजा ते तिथेच ठेवून निघाली, म्हणून तिला दुकानात जावं लागलं, पण दुकानात भासऱ्याचा पोरगा बसलेला होता, म्हणून ती पैशांचा विषय न काढता नुसतं मीठ घेऊन आली. सगळीकडे 'म्हणून' पाहिजेच असा हट्ट नको. दोन-तीन 'आणि मग' सलग आले की तिथे थांबा, इतकंच.

कथानकासाठी घड्याळ लागतं असंही म्हणतात. काहीतरी अमुक वेळेच्या आत व्हायला पाहिजे. शहरातले लेखक त्यासाठी बॉम्ब ठेवतात. इथे त्याची गरजच नाही. पऱ्हे वयात जातात, मोहफुलं चैत्रातच पडतात, तेंदूपत्त्याचा हंगाम आला तसा जातो, मंडई ठरल्या दिवशीच भरते. मंडईच्या दिवशी घरी न आलेला माणूस, एवढ्या एका ओळीवर इथल्या कुठल्याही घराची गोष्ट सुरू होईल.

आणखी एक घड्याळ सांगतो, ते खऱ्या तारखांचं आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रात अटी घालून परत परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. साडेसात वर्षं. आता असा माणूस कल्पा ज्यानं २०१४ ला शंकरपटासाठी एक गोऱ्हा तयार केला होता. ऐन भरात आलेला. पट पुन्हा सुरू होईल तेव्हा त्या बैलाचं वय काय असेल? तो माणूस या सात वर्षांत त्याला नांगराला जुंपेल, विकेल, की रोज संध्याकाळी कुणी बघत नसताना धावडवत राहील? बंदी बरोबर की चूक यावर इथे वाद घालू नका, गोष्टीत तर मुळीच नको. बैलाचं वय मोजा.

रात्रभर माणसं बसवून ठेवायची कला काय असते हे झाडीपट्टीला शिकवायची गरज नाही. दिवाळीनंतर वडसा, म्हणजे देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव जातात, नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतं. गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा एक करा. रंगमंचाकडे पाठ करून बसा, पंधरा मिनिटं, आणि लोकांचे चेहरे बघा. कोणत्या वाक्याला शेंगदाणे खाणारा हात थांबतो ते लिहून ठेवा. आम्ही हा सराव केला आहे. लोकांनी आम्हाला वेडं ठरवलं, पण वही भरली. हात जोराच्या भांडणाला थांबत नव्हते. प्रेक्षकांना माहीत असलेली एखादी गोष्ट पात्राला माहीत नाही अशा जागी थांबत होते.

आता भाषा. हा प्रश्न इथल्या मुलांना फार छळतो.

आम्हाला इथे येणाऱ्या वह्यांमध्ये एक गोष्ट नेहमी दिसते. मुलगा बोलतो झाडीबोलीत, लिहितो पुण्यातली गोष्ट. नायकाचं नाव काहीतरी आदित्य, तो कॅफेत बसलाय, बाहेर रिमझिम पाऊस. विचारलं, कॅफेत गेला होतास का कधी? नाही. मग बांधीतला पाऊस का नाही लिहिला? त्याला काय लिहायचं, तो तर रोजचाच. हे ऐकून आम्हाला वाईट वाटतं, आणि थोडा रागही येतो. त्याचा नाही. त्याला लहानपणापासून 'डोरा' नाही 'डोळा' म्हण, 'पानी' नाही 'पाणी' म्हण असं सांगणाऱ्यांचा. 'ळ' चा 'र' होणं, 'ण' चा 'न' होणं, ही चूक नाही, बोलीचा नियम आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालवून या बोलीचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश केला. तो कोश तुमच्या तालुक्यातून निघालाय.

पण मग सगळंच बोलीत लिहायचं का? दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून बघा. उद्धव शेळके यांची 'धग', १९६०. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा', १९७१. गंमत म्हणजे दोन्हीकडे शिंप्याचं घर आहे, आणि दोन्हीकडे भार बाईवर आहे. 'धग' मध्ये कौतिक आणि तिची माणसं वऱ्हाडी बोलतात, पण सांगणारा प्रमाण मराठीत सांगतो. 'पाचोळा' मध्ये शिंप्याची बायको स्वतःच सांगते, आणि सगळीच्या सगळी कादंबरी मराठवाड्याच्या बोलीत आहे. पहिल्या वाटेनं गेलात तर सांगणारा घराबाहेर उभा राहून आत बघू शकतो. दुसऱ्या वाटेनं गेलात तर बाहेरचं काही दिसणार नाही, बाईला दिसेल तेवढंच. दोन्हीत फायदा आहे, दोन्हीत किंमत आहे. आमचा कल विचाराल तर सुरुवातीला 'धग' ची वाट सोपी पडते.

सराव : एकाच माणसाला एकाच दिवशी दोन ठिकाणी बोलू द्या. सकाळी घरात बायकोशी, दुपारी बँकेत साहेबाशी. विषय एकच, कर्जाचा. घरात तो काय बोलतो आणि बँकेत त्यातलं काय गिळतो? पुष्कळदा बँकेत माणूस अर्धंच वाक्य बोलतो, कारण पुढचा शब्द त्याला बोलीतलाच येतो आणि तो अडतो. त्या अडण्याला तसंच लिहा. त्याला पूर्ण वाक्य देऊ नका.

एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गावात राहून गावाबद्दल लिहिणं सोपं नाही. एका गावात, हे नव्हे, आमच्या बैठकीत एका मुलानं किराणा दुकानदारावर लिहिलं. वजनात मारणारा, उधारीच्या वहीत आकडे वाढवणारा. नाव बदललं होतं. पण दुकानदाराचं लंगडणं तसंच ठेवलं, आणि त्याची एक म्हणायची सवय होती, तीही. मुलानं ते सगळ्यांसमोर वाचलं, लोक खूप हसले, आम्हीही हसलो. संध्याकाळपर्यंत ते दुकानात पोचलं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या घरची उधारी बंद. वडिलांना जाऊन हात जोडावे लागले. चूक आमची होती. वाचायच्या आधी आम्ही तो कागद बघायला हवा होता. त्या मुलानं नंतर लिहिलं नाही. आम्ही दोनदा निरोप पाठवला, तो आला नाही.

तेव्हापासून आम्ही तिघांचा एक हा सराव आधी घेतो. तुम्हाला ज्या माणसावर लिहायचंय त्याच्यातली एकच गोष्ट घ्या. शरीर दुसऱ्याचं, धंदा तिसऱ्याचा. लंगडणं काढा, दुकान काढा. त्या दुकानदारात तुम्हाला खरं काय सलत होतं? ज्याच्यावाचून चालत नाही तोच फसवतो, हे ना? मग तेच घ्या आणि ते टेम्पोवाल्याला द्या, की मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या बाईला. होतं असं की लपवायला म्हणून बदल करता आणि पात्र मूळच्यापेक्षा बरं निघतं, कारण आता ते तुम्हाला नव्यानं विचार करून लिहावं लागतं. तरी कुणी ओळखलंच तर? ओळखतील. काही वेळा लिहायलाच पाहिजे असतं आणि किंमतही द्यावी लागते. पण ती किंमत लिहिणाऱ्यानं जाणून द्यावी, नकळत बापाला द्यायला लावू नये.

वेळ झालाय. गिरजा अजून रस्त्यातच आहे, तिला पोचवू.

आमच्या वहीतला प्रसंग असा होता. रात्र, पाऊस, हातात कंदील. गिरजा भासऱ्याच्या दारात उभी राहते. तो बाहेर येतो. ती म्हणते, "उद्या रोवणी आहे. पाणी सोडा." पैशांचं ती बोलत नाही. तो म्हणतो, "आणि मजुरी?" त्याला सगळं आधीच माहीत असतं. आम्हाला हा प्रसंग बरा वाटत होता, खरं सांगायचं तर आवडला होता.

(इथे समोर बसलेल्या एका आजींनी हात वर केला. त्यांचं बोलणं इथे प्रमाण मराठीत उतरवलं आहे, त्याबद्दल त्यांची क्षमा मागून.)

आजी म्हणाल्या, "ती त्याच्यासमोर उभीच राहणार नाही."

का हो आजी?

"भासरा ना तो? त्या दिवसांत भासऱ्यासमोर कोण तोंड उघडून बोलत होतं? आमच्या वेळेला सावली पडू देत नव्हतो. ती मागच्या दारानं सांदवाडीत जाईल. जावेला हाक मारील. जावेशी बोलेल, पण मोठ्यानं. आतमध्ये तो जेवत असेल, त्याला ऐकू जायला पाहिजे ना."

आणि तो काय करील?

"तोही जावेलाच सांगेल. आतूनच. 'तिला सांग' म्हणून."

मग सभेत बायका हसायला लागल्या, आणि मागून आणखी एक आवाज आला, "आणि जाऊ मध्ये थोडं बदलून सांगेल."

तर मंडळी, आमचा प्रसंग आम्ही इथेच खोडतो. दोघं बोलत होते, आता तिघं झाली, आणि बोलायची ती दोघं एकमेकांना दिसतच नाहीत. मधल्या जावेला काय हवंय हे आम्ही आजवर विचारलंच नव्हतं. पाणी सोडलं तर तिचं काय जातं? नाही सोडलं तर तिला काय मिळतं? तिचा नवरा जे म्हणाला त्यातला कोणता शब्द ती बदलेल?

घरचा सराव हाच. सांदवाडी, तिथला अंधार, मागचं दार अर्धं उघडं. गिरजा, जाऊ आणि आतला आवाज. दोन पानांच्या वर नको. जावेनं बदललेला एकच शब्द असू द्या, आणि तो बदलला हे गिरजाला कळतं की नाही ते तुम्ही ठरवा. ज्यांना शक्य आहे त्यांनी लिहून झाल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवा, आणि ती जिथे 'असं नाही होत' म्हणेल तिथे पेन्सिलीनं खूण करून ठेवा. पुढच्या भागात त्या खुणांपासून सुरुवात करू.